बातमीची खुर्ची आणि तिचा मालक

(नांदेड व लातूर जिल्ह्यांतील कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



१७ सप्टेंबर १९४८ रोजी सायंकाळी हैदराबादच्या निजामाने शस्त्रसंधीची घोषणा केली ती नभोवाणीवरून. ज्या यंत्रणेने वर्षभर संस्थानच्या स्वातंत्र्याचा जयघोष चालविला होता, तीच यंत्रणा त्या सायंकाळी शरणागतीची वार्ता सांगत होती. यंत्र तेच होते, ध्वनिलहरी त्याच होत्या, निवेदकही बहुधा तेच असतील. बदलला होता तो वरून येणारा हुकूम. रझाकारांचा म्होरक्या कासीम रझवी हा लातूरला वकिली केलेला मनुष्य. त्यामुळे प्रचारयंत्रणा कोणाच्या हाती असते आणि ती कोणाच्या बाजूने बोलते, हे लातूर-नांदेडच्या मागच्या पिढीला पुस्तकातून शिकावे लागले नाही. तिने ते भोगून जाणले होते.

या अनुभवाची आज आठवण करण्याचे कारण असे की, बातमी सांगणारा माणूस आणि बातमीच्या यंत्राचा मालक यांच्यातील नाते हा प्रश्न निजामाबरोबर संपला नाही. त्याची रूपे तेवढी बदलली. हे नाते समजून घेण्यासाठी मराठीतील एका वृत्तवाहिनीच्या संपादकाची कारकीर्द तपासून पाहणे उपयुक्त ठरेल. ती कारकीर्द निखिल वागळे यांची. व्यक्तिगौरव हा या तपासणीचा हेतू नाही, व्यक्तीची उणीदुणी काढणे हाही नाही. एक निर्भीड मनुष्य वृत्तवाहिनीच्या सर्वोच्च खुर्चीवर बसला तर त्या खुर्चीत बसून तो काय करू शकतो आणि काय करू शकत नाही, याचा हिशेब मांडणे एवढाच हेतू आहे. जो कार्यकर्ता पाण्यासाठी मोर्चा काढतो, पीकविम्यासाठी तहसीलवर धरणे धरतो आणि नंतर कॅमेरा येतो की नाही याची वाट पाहतो, त्याचा या हिशेबाशी प्रत्यक्ष संबंध आहे.

सरकारच्या मुठीतील लहरी

प्रथम थोडा पूर्वेतिहास ध्यानात घेतला पाहिजे. १९५० साली निजामी नभोवाणीची हैदराबाद आणि औरंगाबाद येथील केंद्रे आकाशवाणीकडे आली. मराठवाड्यात पुढे १९६८ साली परभणीला आणि १९७६ साली औरंगाबादला आकाशवाणी केंद्र झाले. त्यानंतर नांदेडलाही स्थानिक केंद्र आले. शेतीचे सल्ले, लोकगीते, भावबाजार यांच्यामुळे ही केंद्रे खेड्यापाड्यांत घरोबा करून राहिली. परंतु बातमीचे सूत्र मात्र वरच्या हाती राहिले. सरकार बोलेल ते वृत्त आणि सरकार गाळील ते घडलेच नाही, ही आकाशवाणीची रीत आणीबाणीत तर उघडीनागडी झाली. विद्याचरण शुक्ल यांच्या खात्याने आकाशवाणी व दूरदर्शन ही सत्तापक्षाची दवंडी केली. हजारो माणसे तुरुंगात होती आणि रेडिओवर वीस कलमी कार्यक्रमाची कीर्तने चालू होती.

याच अनुभवातून जनता राजवटीने ऑगस्ट १९७७ मध्ये बी. जी. वर्गीज यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. लालकृष्ण अडवाणी तेव्हा नभोवाणी मंत्री होते. १९७८ साली आलेल्या अहवालात समितीने 'आकाश भारती' नावाचा स्वायत्त राष्ट्रीय न्यास सुचविला. सरकारलाही नव्हे आणि भांडवलदारालाही नव्हे, तर लोकांना जबाबदार राहील असे प्रसारण, ही त्यामागची कल्पना होती. जनता सरकारने ती सौम्य करून १९७९ साली विधेयक आणले आणि लोकसभा बरखास्त झाल्यावर ते विधेयकही बुडाले. प्रसार भारतीचा कायदा व्हायला १९९० साल उजाडावे लागले आणि तो अमलात यायला १९९७. तोपर्यंत स्वायत्ततेचा आत्मा निघून गेला होता. पैसा सरकारचा आणि नेमणुकांवर छाया सरकारची, ही स्थिती कायदा होऊनही पालटली नाही.

दरम्यान फेब्रुवारी १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एक महत्त्वाचा निर्णय दिला. ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे आणि तिचा वापर लोकहितासाठी, एखाद्या स्वायत्त सार्वजनिक संस्थेच्या नियंत्रणाखाली झाला पाहिजे, असे त्या निर्णयाचे सूत्र होते. सरकारची मक्तेदारी अमान्य झाली हे योग्यच झाले. परंतु निर्णयाचा दुसरा अर्धा भाग सोयीस्करपणे विसरला गेला. लहरी सरकारच्या मुठीतून सुटल्या, पण लोकांच्या हाती आल्या नाहीत. त्या ज्याच्यापाशी भांडवल होते त्याच्या हाती गेल्या. २००७ आणि २००८ या दोन वर्षांत मराठीत चोवीस तास बातम्या देणाऱ्या वाहिन्या एकामागून एक सुरू झाल्या, त्या या पार्श्वभूमीवर.

सायंदैनिकापासून वाहिनीपर्यंत

निखिल वागळे यांचा जन्म १९५९ चा. विशीच्या आतबाहेर असतानाच त्यांच्याकडे 'दिनांक' या साप्ताहिकाचे संपादकपद आले. १९९० साली त्यांनी मुंबईत 'आपलं महानगर' हे सायंदैनिक काढले. छोट्या आकाराचे, थोड्या पानांचे, तुटपुंज्या भांडवलावर चालणारे हे पत्र. परंतु मुंबईत ज्यांच्याविरुद्ध लिहायला मोठी दैनिके कचरत, त्यांच्याविरुद्ध ते रोज लिहीत होते. परिणाम व्हायचा तोच झाला. शिवसैनिकांनी त्याच्या कचेरीवर आणि संपादकावर एकाहून अधिक वेळा हल्ले केले. १९९४ साली विधिमंडळाने हक्कभंगाच्या प्रकरणी वागळे यांना काही दिवस तुरुंगातही धाडले. पण पत्र चालू राहिले. कारण उघड आहे. हल्लेखोर खुर्च्या-टेबले मोडू शकत होते, संपादकाला मारू शकत होते, परंतु त्याला काढून टाकू शकत नव्हते. खुर्ची मोडकी होती, पण ती त्याची स्वतःची होती.

६ एप्रिल २००८ रोजी 'आयबीएन लोकमत' ही वाहिनी सुरू झाली आणि वागळे तिचे संपादक झाले. येथे परिस्थिती निराळी होती. वाहिनीची निम्मी मालकी मुंबई-दिल्लीच्या नेटवर्क१८ समूहाकडे आणि निम्मी लोकमत समूहाकडे होती. लोकमत समूहाच्या दर्डा बंधूंपैकी एक राज्यसभेत काँग्रेसचे सदस्य होते आणि दुसरे औरंगाबादचे आमदार व राज्याच्या मंत्रिमंडळाचे सदस्य राहिले. म्हणजे एका बाजूला भांडवलबाजार, दुसऱ्या बाजूला सत्तापक्ष आणि मधोमध ज्याने आयुष्यभर दोहोंवर टीका केली असा संपादक. ही रचना किती काळ टिकेल, हा प्रश्न पहिल्या दिवसापासूनच तिच्या पोटात होता.

तरीही ती सहा वर्षे टिकली, हे मान्य केले पाहिजे. 'आजचा सवाल' या रोजच्या चर्चेने मराठी घरांत एक नवी सवय लावली. ज्या पुढाऱ्यापुढे तालुक्याचा पत्रकार मान खाली घालून उभा राहतो, त्या पुढाऱ्याला चारचौघांत उत्तर द्यावे लागते, उत्तर टाळले तर तेही लोकांना दिसते, हे दृश्य नवे होते. 'ग्रेट भेट'मधून लेखक, कलावंत, कार्यकर्ते यांच्याशी निवांत संवादही झाले. चर्चेच्या आक्रमक संचालनावर पुष्कळ टीका झाली आणि ती सर्वस्वी अनाठायी नव्हती. पाहुण्याला बोलू न देता प्रश्न विचारण्याने कधी कधी उत्तरापेक्षा प्रश्नच मोठा होतो. परंतु प्रश्न विचारण्याचा हक्क गाजविणे आणि मालकाची री ओढणे या दोन दोषांत भेद आहे. पहिला दोष सुधारता येतो.

२० नोव्हेंबर २००९ रोजी शिवसैनिकांनी वाहिनीच्या मुंबईतील व पुण्यातील कचेऱ्यांवर हल्ला केला. सचिन तेंडुलकरवर बाळासाहेब ठाकरे यांनी केलेल्या टीकेचा वाहिनीने घेतलेला समाचार हे त्याचे निमित्त. कर्मचाऱ्यांना मारहाण झाली, मोडतोड झाली. त्या दिवशीही प्रक्षेपण थांबले नाही. उलट हल्ला साऱ्या देशाने पाहिला. लाठ्याकाठ्यांनी बातमी थांबत नाही, हे त्या दिवशी पुन्हा सिद्ध झाले.

नांदेडचा पुरवणीपर्व

परंतु त्याच महिन्यात नांदेड जिल्ह्याने एक निराळा धडा दिला. त्यात लाठी नव्हती आणि आवाजही नव्हता. ऑक्टोबर २००९ च्या विधानसभा निवडणुकीत तत्कालीन मुख्यमंत्री अशोक चव्हाण भोकर मतदारसंघातून उभे होते. निवडणुकीच्या काळात लोकमतसह काही मोठ्या मराठी दैनिकांत त्यांच्या कर्तृत्वाची वर्णने करणारी पानेच्या पाने 'बातम्या' म्हणून छापून आली. 'अशोकपर्व' नावाची पुरवणी निघाली. एकच मजकूर शब्दशः वेगवेगळ्या दैनिकांत वेगवेगळ्या वार्ताहरांच्या नावे आल्याचे पी. साईनाथ यांनी 'द हिंदू'मध्ये दाखवून दिले. उमेदवाराने दाखल केलेल्या खर्चात वृत्तपत्रीय जाहिरातींसाठी ५,३७९ रुपये आणि केबलवरील जाहिरातींसाठी ६,००० रुपये एवढाच आकडा होता.

चव्हाण यांनी पैसे देऊन बातम्या छापविल्याचा आरोप सातत्याने नाकारला. निवडणूक आयोगाने जुलै २०१४ मध्ये खर्चाचा हिशेब विहित रीतीने दिला गेला नाही असा आदेश काढला आणि दिल्ली उच्च न्यायालयाने त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये तो आदेश रद्द केला. कायद्याच्या दृष्टीने प्रकरण तेथे थांबले. परंतु भोकर, मुदखेड, अर्धापूरच्या मतदाराचा प्रश्न कायद्याच्या पलीकडचा आहे. आपण वाचतो ती बातमी आहे की जाहिरात, हे त्याला कोणी सांगायचे? प्रेस कौन्सिलने या विषयावर नेमलेल्या उपसमितीने २०१० साली सविस्तर अहवाल तयार केला, तेव्हा तो संपूर्ण प्रसिद्ध करण्याचेही कौन्सिलला जड गेले.

या ठिकाणी वागळे यांच्या कारकिर्दीतील मूळ पेच उघड होतो. ज्या समूहाचे दैनिक या प्रकरणात चर्चेत आले, तोच समूह त्यांच्या वाहिनीचा निम्मा मालक होता. एका घरात निर्भीड संपादक बसलेला आणि त्याच घराच्या दुसऱ्या दालनात पुरवण्यांचा कारखाना चालू. संपादक आपल्या दालनाचा दिवा तेवत ठेवू शकतो, पण घराच्या पायाचे दुखणे त्याच्या अखत्यारीत येत नाही. वृत्तपत्रावर आणि वाहिनीवर एकाच कुटुंबाची मालकी असण्याला या देशात कायद्याने बंदी नाही. म्हणून या पेचाचा दोष एका संपादकावर अगर एका घराण्यावर टाकून मोकळे होता येणार नाही.

आधी कर्ज, मग ताबा

लाठीने जे झाले नाही ते पुढे कागदाने झाले. त्याची रीत मराठवाड्याच्या शेतकऱ्याला समजावून सांगण्याची गरज नाही. त्याच्या आजोबांनी ती सावकाराच्या ओट्यावर पाहिली आहे. २००८ च्या जागतिक मंदीनंतर नेटवर्क१८ समूह कर्जात रुतला होता. वाहिनी चालविणे हा खर्चाचा संसार. उपग्रहाचे भाडे, यंत्रसामग्री, पगार आणि या सर्वांवर कडी म्हणजे केबलवाल्यांना व डिश कंपन्यांना आपली वाहिनी दाखविण्यासाठी द्यावा लागणारा मोबदला. जाहिराती घटल्या की हा डोलारा डळमळतो. जानेवारी २०१२ मध्ये रिलायन्स उद्योगसमूहाने एका न्यासामार्फत नेटवर्क१८ च्या प्रवर्तकांना प्रचंड रक्कम दिली. त्या रकमेच्या बदल्यात मिळालेले कर्जरोखे असे होते की, ते पुढे भागभांडवलात रूपांतरित करता यावेत. शेतकरी ज्याला गहाणखत म्हणतो त्याचीच ही भांडवलबाजारातील आवृत्ती. मे २०१४ च्या अखेरीस, लोकसभा निवडणुकीचा निकाल लागून दोन आठवडे होतात न होतात तोच, रिलायन्सने समूहाचा ताबा घेत असल्याचे जाहीर केले. जुलैच्या प्रारंभी तो पुरा झाला.

त्याच जुलै महिन्यात समूहाच्या इंग्रजी वाहिनीचे मुख्य संपादक राजदीप सरदेसाई यांनी राजीनामा दिला आणि वागळेही आयबीएन लोकमतमधून बाहेर पडले. आपल्यावर येणाऱ्या दडपणाबद्दल ते त्या वेळी आणि नंतरही उघडपणे बोलले. येथे कोणी दंडुका घेऊन आले नाही. कोणी काच फोडली नाही. समभागांचे हस्तांतर झाले आणि सहा वर्षे ज्या खुर्चीवरून मंत्र्यांना प्रश्न विचारले गेले ती खुर्ची रिकामी झाली. वाहिनीचे नावही पुढे 'न्यूज१८ लोकमत' असे झाले.

ताबा पुरा झाल्यानंतर सुमारे महिन्याभराने, १२ ऑगस्ट २०१४ रोजी, दूरसंचार नियामक प्राधिकरणाने माध्यमांच्या मालकीविषयी शिफारशी प्रसिद्ध केल्या. राजकीय पक्षांना प्रसारणात प्रवेश नसावा, मोठ्या उद्योगगृहांच्या प्रवेशावर निर्बंध असावेत, एकाच समूहाने एका भाषेच्या बाजारपेठेत वृत्तपत्र आणि वाहिनी दोन्ही काबीज करण्याला मर्यादा असावी, असा त्यांचा आशय होता. या शिफारशींचा कायदा झाला नाही. ज्यांनी तो करायचा त्यांना तो नको होता आणि ज्यांनी मागायचा त्यांनी जोराने मागितला नाही. या दुसऱ्या दोषाचा वाटा पुरोगामी पक्षांकडेही जातो.

वागळे यांची पुढची वाटचालही याच सूत्राची पुनरावृत्ती आहे. 'महाराष्ट्र१' या वाहिनीचे संपादकपद अल्पजीवी ठरले. 'टीव्ही९ मराठी'वर २०१७ साली सुरू झालेला 'सडेतोड' हा कार्यक्रम काही महिन्यांतच, त्या वर्षीच्या जुलैमध्ये अचानक बंद झाला. त्यानंतर ते सभांतून आणि यूट्यूबसारख्या माध्यमातून बोलत राहिले. ९ फेब्रुवारी २०२४ रोजी पुण्यात राष्ट्र सेवा दलाच्या साने गुरुजी स्मारकातील 'निर्भय बनो' सभेला जाताना त्यांच्या मोटारीवर हल्ला झाला. या प्रकरणी भाजप कार्यकर्त्यांवर गुन्हे नोंदविले गेले. निमित्त होते अडवाणी यांना जाहीर झालेल्या भारतरत्नावर त्यांनी केलेली टीका. ज्या मंत्र्याच्या कारकिर्दीत प्रसारणाच्या स्वायत्ततेसाठी समिती नेमली गेली, त्याच्याविषयी एका पत्रकाराने चार कडक शब्द उच्चारताच रस्त्यावर काचा फुटाव्यात, एवढे अंतर या देशाने सत्तेचाळीस वर्षांत कापले.

पत्राला नाव बदलता येते, वाहिनीला येत नाही

मराठवाड्याच्या इतिहासातील एक गोष्ट येथे तुलनेला घेण्यासारखी आहे. आ. कृ. वाघमारे यांनी १९३८ साली 'मराठवाडा' साप्ताहिक काढले. निजामी सरकारने बंदी घातली की ते पत्र दुसऱ्या नावाने निघे, त्यावर बंदी आली की तिसऱ्या. पुढे त्याच 'मराठवाडा'ची धुरा अनंत भालेराव यांनी वाहिली. मुक्तिसंग्रामातील हा सैनिक संपादक झाल्यावरही सैनिकच राहिला आणि आणीबाणीत तुरुंगात गेला. ही परंपरा उभी राहू शकली ती केवळ व्यक्तींच्या तेजामुळे नव्हे. एक हातयंत्र, थोडे खिळे, उधारीचा कागद आणि वर्गणीदार एवढ्यावर पत्र निघू शकत होते. बंदीवर मात करणे शक्य होते, कारण साधन स्वस्त होते आणि वाचक स्वतः मालकासारखा पाठीशी होता.

वृत्तवाहिनीला हे शक्य नाही. तिला केंद्र सरकारचा परवाना लागतो, गृहमंत्रालयाची सुरक्षाविषयक अनुमती लागते, उपग्रह लागतो, केबलजाळे लागते. जानेवारी २०२२ मध्ये 'मीडियावन' या मल्याळम वाहिनीच्या परवान्याचे नूतनीकरण केंद्राने नाकारले, तेव्हा ती वाहिनी दुसऱ्या दिवशी दुसऱ्या नावाने निघू शकली नाही. तिला सर्वोच्च न्यायालयात जावे लागले. ५ एप्रिल २०२३ रोजी न्यायालयाने वाहिनीच्या बाजूने निकाल दिला आणि बंद पाकिटातून कारणे सांगण्याच्या रीतीवर कठोर ताशेरे ओढले. निकाल स्वागतार्ह आहे. परंतु प्रत्येक संपादकाला सर्वोच्च न्यायालयाची पायरी चढण्याइतके बळ असते असे नाही. यूट्यूबचा मार्ग आज खुला दिसतो, पण ते यंत्रही परदेशी भांडवलाच्या मालकीचे आहे आणि त्याचे दार केव्हा मिटेल हे वर्गणीदार ठरवीत नाही.

कॅमेरा केव्हा येतो

आता प्रश्न असा की, या सर्वाचा नांदेड-लातूरच्या खेड्यांशी संबंध काय? तो संबंध पैशाचा आहे. वाहिनी जाहिरातीवर जगते, जाहिरात प्रेक्षकसंख्येवर मिळते आणि प्रेक्षकसंख्या मोजली जाते ती निवडक घरांत बसविलेल्या यंत्रांवरून. ऑक्टोबर २०१५ पर्यंत या मोजणीत ग्रामीण भारत नव्हताच. मुखेड-किनवटच्या किंवा निलंगा-औशाच्या खेड्यातील माणूस वाहिनी पाहत असे, पण वाहिनीच्या हिशेबात तो शून्य होता. जो हिशेबात नाही त्याच्या जीवनातील रोजच्या प्रश्नाला पडद्यावर जागा कशी मिळणार? तालुक्याचा प्रतिनिधी म्हणजे बातमीमागे मानधन घेणारा, नेमणुकीचे पत्रही नसलेला तरुण. वृत्तपत्रीय श्रमिकांसाठी १९५५ साली झालेला कायदा वाहिन्यांच्या पत्रकारांना लागू नव्हता. वाहिन्या वाढल्या त्या या असंरक्षित श्रमावर. पुढाऱ्याच्या वाढदिवसाची जाहिरात आणण्याची जबाबदारी ज्याच्या डोक्यावर आहे, त्याने त्याच पुढाऱ्याच्या साखर कारखान्यातील ऊसतोड मजुराची बातमी करावी ही अपेक्षा बाळगणे कठीण आहे.

म्हणून कॅमेरा येथे येतो तो आपत्ती घेऊन. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची आगगाडी आली. पहिल्या खेपेला दहा वाघिणींतून सुमारे पाच लाख लिटर पाणी आले आणि १२ एप्रिलच्या पहाटे स्थानकावर माणसांपेक्षा कॅमेरे अधिक आहेत असे वाटावे अशी गर्दी झाली. गाडीचे चित्र देशभर दिसले. त्याआधी मार्चमध्ये पाणवठ्यांवर जमावबंदीचा हुकूम निघाला, तेही दिसले. परंतु मांजरा धरण कोरडे का पडले, तुटीच्या खोऱ्यात उसाचे क्षेत्र कसे वाढत गेले, कारखाने कोणी काढले, भूगर्भातील पाणी किती खोल गेले, या प्रश्नांची मालिका कोणत्या वाहिनीने वर्षभर चालविली? गाडी थांबली तशी बातमीही थांबली.

ऑक्टोबर २०२३ मध्ये नांदेडच्या शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात चोवीस तासांत चोवीस रुग्ण दगावले. त्यांत बारा नवजात बालके होती. दोन दिवसांत हा आकडा एकतीसवर गेला. एका खासदाराने अधिष्ठात्यांना स्वच्छतागृह साफ करायला लावले आणि सगळे कॅमेरे त्या दृश्याकडे वळले. औषधखरेदी का रखडली, खाटांपेक्षा रुग्ण किती अधिक होते, परिचारिकांच्या किती जागा रिकाम्या होत्या, शेजारच्या तालुक्यांतील ग्रामीण रुग्णालये रुग्णांना नांदेडला का धाडतात, हे प्रश्न त्या दृश्याखाली गाडले गेले. दृश्य स्वस्त असते आणि चौकशी महाग असते. ज्या मालकाला नफा हवा तो स्वस्त वस्तू विकतो.

निर्भीड संपादक असता तर हे टळले असते काय? काही अंशी टळले असते. एखादा वागळे एखाद्या मंत्र्याला तासभर उभा जाळू शकतो. परंतु प्रत्येक तालुक्यात पगारी वार्ताहर नेमणे, एकाच प्रश्नाचा वर्षभर पाठपुरावा करणे, जाहिरातदार दुखावला तरी चौकशी न थांबविणे, यासाठी जे लागते ते संपादकाच्या स्वभावात नसते, ते संस्थेच्या रचनेत असावे लागते.

मागण्या कोणत्या

या कारकिर्दीतून काढायचा निष्कर्ष तो हाच. पुरोगामी चळवळीला नायकांची ओढ फार. कोणी धीट मनुष्य पडद्यावर बोलू लागला की कार्यकर्ते टाळ्या देतात, तो गेला की हळहळतात आणि पुढच्या नायकाची वाट पाहतात. कारखान्यातील कामगाराचा प्रश्न भल्या मालकाची वाट पाहून सुटत नाही, त्यासाठी संघटना आणि कायदा लागतो, हे ज्यांनी जन्मभर सांगितले त्यांनी बातमीच्या बाबतीत मात्र भल्या संपादकावर भिस्त ठेवावी, यात विसंगती आहे.

म्हणून मागण्या स्पष्ट असल्या पाहिजेत. पहिली मागणी मालकीच्या मर्यादेची. २०१४ च्या शिफारशी धूळ खात पडू न देता त्यांवर कायदा व्हावा. कोणती वाहिनी कोणाच्या पैशावर चालते, कर्ज कोणाचे आणि गहाण काय, हे दरवर्षी प्रेक्षकाला कळावे. दुसरी मागणी सार्वजनिक प्रसारणाची. वर्गीज समितीची मूळ कल्पना पुन्हा चर्चेत आणली पाहिजे. निधी संसदेने ठरावीक सूत्राने द्यावा, नेमणुका सरकारच्या मर्जीबाहेर असाव्यात आणि नांदेड-परभणीच्या केंद्रांना जिल्ह्याची स्वतःची बातमी स्वतः गोळा करण्याचा अधिकार व माणसे मिळावीत. तिसरी मागणी लहान केंद्रांची. खासगी एफ.एम. आणि सामुदायिक नभोवाणी यांना स्वतःची बातमी देण्याची मुभा नाही. आकाशवाणीची बातमीपत्रे जशीच्या तशी ऐकवावी लागतात. गावातील बचतगटाच्या स्त्रियांनी चालविलेल्या केंद्राला धरणातील पाण्याची बातमी सांगता येऊ नये आणि उद्योगपतीला मात्र डझनभर वाहिन्या बाळगता याव्यात, या विषमतेचे समर्थन कोणत्या तत्त्वावर करणार?

चौथी गोष्ट सरकारकडे मागायची नसून स्वतः करायची आहे. ब्रिटनमधील 'गार्डियन' १९३६ पासून एका न्यासाच्या मालकीचे आहे. कोणी भागधारक तेथे येऊन संपादकाला घरी पाठवू शकत नाही. हे इंग्लंडातच शक्य आहे असे मानण्याचे कारण नाही. सहकाराच्या बळावर ज्या महाराष्ट्राने कारखाने, सूतगिरण्या आणि दूधसंघ उभे केले, त्याला बातमीची सहकारी संस्था उभी करता येऊ नये काय? सहकाराची वाट काही पुढाऱ्यांनी बिघडविली हे खरे, परंतु बिघडलेल्या वाटेची दुरुस्ती करायची असते. दोन जिल्ह्यांत मिळून काही हजार वर्गणीदार, चार पगारी वार्ताहर आणि हिशेब जाहीर ठेवणारा न्यास, एवढ्यावर आरंभ होऊ शकतो. हातयंत्राच्या काळात जे वाघमारे आणि भालेराव यांच्या पिढीने केले, ते आजच्या साधनांनी करणे अधिक अवघड नाही. अवघड आहे ती वर्गणीसाठी दारोदार फिरण्याची तयारी.

१७ सप्टेंबर १९४८ च्या सायंकाळी मराठवाड्याच्या जनतेने नभोवाणीवरचा हुकूम बदललेला ऐकला. तो बदल तिने स्वतः रक्त सांडून घडविलेल्या लढ्याचा आणि भारतीय सैन्याच्या कारवाईचा परिपाक होता; नभोवाणीच्या अधिकाऱ्यांच्या अंतःकरणात पालट झाला म्हणून तो घडला नाही. बातमीच्या खुर्चीवर कोण बसतो याची चिंता अवश्य करावी. त्या खुर्चीची मालकी लोकांकडे आणण्यासाठी मात्र लढावे लागेल, आणि ती लढाई येथूनच, वर्गणीच्या पहिल्या पावतीपासून, सुरू करता येईल.